उपरण्याची बाकी

द्वारका सेक्टर बाराच्या मेट्रो स्टेशनसमोर सुधन्वाभाऊंचं होर्डिंग लागलं होतं, आणि चंद्रप्रभाबाई त्याच्याखाली ई-रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. होर्डिंगवर भाऊ दोन मजली उंचीचे. हात जोडलेले, सगळे दात दिसतील इतकं हसू, आणि खांद्यावर केशरी रेशमी उपरणं, हिरव्या काठाचं. खाली मजकूर : 'दिल्लीकर मराठी बांधवांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : खासदार सुधन्वाभाऊ, लेकींचे पाठीराखे.'

ते 'लेकींचे पाठीराखे' वाचलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते उपरणं देवाचं होतं. गेल्या वर्षी ते त्यांनीच आपल्या हातांनी भाऊंच्या खांद्यावर घातलं होतं, आणि त्याचा एक पैसाही अजून मंडळाकडे आला नव्हता. आणि आत्ता त्या येत होत्या त्याच लेकींच्या वसतिगृहाच्या घरमालकाकडून, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवून.

घरमालक चौधरी हा पालम गावचा जुना माणूस. हुक्का बाजूला सारून त्याने बाईंना खुर्ची दिली, लस्सी मागवली आणि मग सरळ सांगितलं, "माताजी, मैं बुरा आदमी नहीं हूँ. पर छह महीने से किराया नहीं आया. आपके गणपति जी उठ जाएँ, अगले दिन चाबी दे देना."

बाईंनी एका मुलीच्या परीक्षेचं सांगून पाहिलं. चौधरीने मान हलवली. त्याच्या दृष्टीने त्याने खूप वाट पाहिली होती, आणि खरं तर पाहिलीच होती. बाईंना त्याचा राग आला नाही. राग जिथे यायला हवा होता तिथेच येत होता, आणि तो दोन मजली उंचीचा समोर हसत होता.

आता हे उपरण्याचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल की एवढ्याशा कापडासाठी म्हातारी का पेटली.

बाईंचं मंडळ पन्नास वर्षांपूर्वी सरकारी क्वार्टरांमधल्या कारकुनांनी सुरू केलेलं. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आलेली ही माणसं, थंडीने कुडकुडणारी, हिंदी बोलताना अडखळणारी. गणपती बसवायचा तर पैसा हवा, म्हणून त्यांनी कोकणातल्या गावाकडची एक रीत इथे आणली. अनंत चतुर्दशीला दुपारी देवापुढच्या वस्तूंचा लिलाव करायचा : नारळ, फळांची परडी, हार आणि सगळ्यांत शेवटी देवाच्या अंगावरचं उपरणं. ज्याची बोली जास्त त्याला वस्तू तिथल्या तिथे द्यायची. पैसे मात्र पुढच्या चतुर्थीपर्यंत, जमेल तसे. कागद नाही, सही नाही. कागद मागणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान, असं सगळे मानायचे.

आणि समजा नाहीच जमले पैसे, तर? तर पुढच्या लिलावाआधी ती वस्तू देवापुढे परत आणून ठेवायची, आणि मगच नवी बोली सुरू व्हायची. इतक्या वर्षांत असं एकदाच घडलं होतं. मारुतीराव नावाचे एक हेडक्लार्क होते. उपरण्याची बोली त्यांनी हौसेने लावली आणि त्याच वर्षी बायकोच्या ऑपरेशनमध्ये घर धुऊन निघालं. पुढच्या चतुर्दशीला मारुतीराव ते उपरणं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून घेऊन आले आणि खाली मान घालून पाटावर ठेवलं. लोकांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, आणि रात्री पंगतीत मारुतीरावांना आग्रहाने दोन मोदक जास्त वाढले. चंद्रप्रभाबाई तेव्हा नव्या सुनेच्या वयाच्या होत्या. ती घडी त्यांना अजून डोळ्यांसमोर दिसते.

पुढे बाई स्वतः कृषी मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या, नवरा गेला, आणि लिलाव पुकारायचं त्याचं काम त्यांच्याकडे आलं. आवाज खणखणीत, आणि कुणाच्या खिशाला किती झेपेल याचा अंदाज पक्का. एखादा भरीला पडून फार चढायला लागला की त्या 'तीन वार' लवकर म्हणून त्याला वाचवत असत.

गेल्या वर्षी त्यांचा अंदाज चुकला. उपरण्याची बोली डॉक्टर नीरजाबाईंच्या एकवीस हजारांवर आली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून भाऊंनी हात वर केला आणि म्हणाले, "अकरा लाख! आणि सगळेच्या सगळे माझ्या लेकींच्या वसतिगृहाला!" माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून यूपीएससीच्या तयारीला मुली दिल्लीत येतात, करोलबागेच्या बाजूला खुराड्यांसारख्या खोल्यांत एकेकीत चौघी राहतात, त्यांच्यासाठी मंडळाने काहीतरी करावं हे बाईंचं कितीतरी वर्षांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांना रडू आवरलं नाही. रडतच त्यांनी उपरणं उलगडलं आणि भाऊंच्या खांद्यावर घातलं. कॅमेरे चमकले.

आणि मग मंडळाने ती चूक केली, जी फक्त ह्याच माणसांच्या हातून होऊ शकते. बोली लागली म्हणजे पैसे आले, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. पैसे यायची वाट कोण बघतो? महिन्याभरात चौधरीच्या घराचे दोन मजले भाड्याने घेतले. दारावर पितळी पाटी लागली, 'सुधन्वाभाऊ लेक वसतिगृह'. अकरा मुली राहायला आल्या. उद्घाटनाला भाऊ आले तेव्हा त्यांच्यावर जेसीबीतून फुलं उधळली. स्टेज, जेवण, फुलं, जेसीबी, सगळा खर्च मंडळाने केला. कशातून? नीरजाबाईंसारख्यांनी लिलावात नारळ-परडीवर बोलून, वेळेवर आणून दिलेल्या पैशांतून. म्हणजे ज्यांनी खरंच दिले त्यांचे पैसे, ज्याने दिले नाहीत त्याच्या अंगावर उधळले गेले.

वर्षभर त्यांनी भाऊंचा पिच्छा पुरवला. भाऊंचा पीए हेरंब, गोरागोमटा, मऊ बोलणारा मुलगा. बंगल्यावर गेलं की आधी चहा आणि मग उत्तर. "काकू, भाऊ टूरवर आहेत." "काकू, अधिवेशन चालू आहे ना." "काकू, चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय." त्या सहीचं काय होत होतं देव जाणे. देशातल्या एवढ्या फायलींवर सही करणाऱ्या माणसाचा हात ह्याच एका चेकपाशी का अडतो, हे बाईंनी हेरंबला एकदा विचारलंही. तो हसला आणि म्हणाला, "बिस्कीट घ्या ना, काकू."

एकदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात भाऊ त्यांना प्रत्यक्ष सापडले. कुठल्याशा सत्काराला आले होते. बाई पुढे झाल्या आणि तोंड उघडणार एवढ्यात भाऊ वाकले आणि त्यांनी चक्क बाईंचे पाय धरले.

"काकू! तुमच्या हातचं उपरणं लकी आहे माझ्यासाठी. प्रत्येक सभेला घालतो!"

चार मोबाइल वर झाले, फोटो निघाले, आणि बाई 'अहो, पण ते पैसे' म्हणेपर्यंत भाऊ लिफ्टमध्ये होते. पाया पडून माणूस किती सहज निसटतो हे बाईंनी सदुसष्टाव्या वर्षी पाहिलं. ज्याने पाय धरलेत त्याची कॉलर कशी धरणार? घरी येऊन त्यांनी पाय धुतले.

नोएडात न्यूज चॅनलमध्ये काम करणारी त्यांची मुलगी देवयानी तो फोटो फोनवर बघून म्हणाली, "आई, हा माणूस एकदम फ्रॉड आहे यार. ती शॉल त्याने घेतली, पैसे दिले नाहीत. मग ती त्याची झालीच नाही ना?"

"शॉल नाही गं, उपरणं."

"तेच. जे त्याचं नाही ते घालून हा फिरतोय. चोरी आहे ही, सिंपल."

दिल्लीत वाढलेल्या मुलीला उपरणं हा शब्द आठवत नव्हता, पण गोष्ट तिला बरोबर कळली होती. मंडळातल्या शुद्ध मराठी बोलणाऱ्यांना मात्र ती कळत नव्हती, किंवा कळूनही कळत नव्हती. अध्यक्ष बळवंतराव हे त्यांत पहिले. नोएडाला त्यांचा फ्लेक्स छपाईचा कारखाना. भाऊंचं ते दोन मजली होर्डिंग तिथेच छापलेलं, हे वेगळं सांगायला नको. यंदा मंडळाचा सुवर्णमहोत्सव. त्यासाठी घरोघर फिरून वर्गणी जमवलेली, दुकानदारांच्या जाहिराती घेतलेल्या. एलईडीची कमान, पुण्याहून विमानाने आणलेलं ढोल-ताशा पथक, संध्याकाळी ड्रोन शो. उत्सवाच्या आधीच्या सभेत बाईंनी उभं राहून विचारलं की ह्यातून मुलींचं भाडं का देत नाही, आणि जमलेल्या पैशांचा हिशेब कुठे आहे.

"काकू, हिशेब ऑडिटला दिलाय," बळवंतराव म्हणाले.

"कुणाकडे?"

"आपल्या वेदांतकडे."

वेदांत म्हणजे बळवंतरावांचा जावई. एलईडीची कमान आणि ड्रोन शोचं कंत्राटही वेदांतच्याच कंपनीकडे. सभेत दोघंतिघं खोकले. कुणीतरी 'पुढचा विषय घ्या' म्हणालं. सभा संपल्यावर बळवंतराव बाईंना बाजूला घेऊन समजावणीच्या सुरात बोलले, "मोठ्या माणसाला नाराज करून चालत नाही, काकू. आज नाही दिले, उद्या देतील. संबंध टिकले पाहिजेत. मुलींचं काय, अॅडजस्ट होतील कुठेतरी."

अॅडजस्ट होतील! बाईंना प्रणिता आठवली.

प्रणिता पाथरीजवळच्या गावातली. अकरा मुलींत तीच एक यंदा प्रिलिम्स पास झालेली. मुख्य परीक्षा विसर्जनानंतरच्याच आठवड्यात, आणि ही तिची शेवटची संधी. पुढच्या वर्षी बसायचं म्हटलं तरी नियमात बसत नव्हतं. तिची आई कौशल्या, अंगणवाडीसेविका, मुलीला परत दिल्लीला पाठवायला तयार नव्हती. आधीच्या खोलीत प्रणिता काविळीने आडवी झाली होती. तेव्हा बाईंनीच फोन केला होता. "कौशल्याताई, माझ्या शब्दावर पाठवा. आता मंडळाचं हक्काचं वसतिगृह आहे. परीक्षा होईपर्यंत तिला तिथून कुणी हलवणार नाही." कौशल्या म्हणाली होती, "तुम्ही म्हणताय तर पाठवते, ताई."

तो शब्द आता मोडायची वेळ आली होती. त्या वसतिगृहात गेल्या तेव्हा मुलींची बांधाबांध सुरू होती. अंबाजोगाईची मेहजबीन पुस्तकं खोक्यांत भरत होती. प्रणिता मात्र त्या पसाऱ्यात भिंतीला टेकून उत्तरं लिहीत होती, घड्याळ लावून.

"काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका," ती मान वर न करता म्हणाली. "मी मैत्रिणीच्या खोलीवर जमिनीवर झोपीन. चार जणी आहेत तिथे, पाचवी मी."

"आणि अभ्यास?"

प्रणिताने पेन थांबवलं. "बघू," एवढंच म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिने मान जरा वळवली, ते बाईंनी पाहिलं.

अनंत चतुर्दशीला दुपारी मंडप खचाखच भरलेला. मागे शोभेची मोठी मूर्ती, चौदा फुटी, डोळ्यांत लाइट लावलेली. तिच्यापुढे चौरंगावर खरा देव, म्हणजे प्राणप्रतिष्ठा केलेली हातभर उंचीची शाडूची मूर्ती, कडेवर घेता येईल एवढी. मंडळाची पहिल्यापासून हीच पद्धत. पाटावर नारळ, परडी, हार मांडलेले. देवाच्या खांद्यावर यंदाचं जांभळं उपरणं. आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर भाऊ.

आधी भाऊंचं भाषण झालं. "सुवर्णमहोत्सवाच्या ह्या पवित्र दिवशी," भाऊ म्हणाले, "मी शब्द देतो. माझ्या लेकी आता भाड्याच्या घरात राहणार नाहीत. त्यांची स्वतःची इमारत होईल. माझ्याकडून पन्नास लाख!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत! तीच माणसं, तोच सोफा, तोच हात वर. मागच्या ओळीत अकरा मुली उभ्या होत्या, ज्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येणार होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात त्यांच्याच नावाने इमारत बांधून झाली होती. बाईंना भाऊंपेक्षा त्या टाळ्यांचा संताप आला. असल्या टाळ्यांवरच तर हे पोसले जातात.

बळवंतरावांनी माइक त्यांच्या हातात दिला. "चला काकू, पुकारा."

बाईंनी पदर खोचला. "लिलावाआधी मंडळाचा एक नियम सांगते. नव्या लोकांना माहीत नसेल, जुन्यांनी विसरल्यासारखं केलंय. गेल्या वर्षीची बाकी ज्याची राहिली असेल त्याने वस्तू देवापुढे परत आणून ठेवायची. मगच नवी बोली. बाकी एकाचीच आहे." त्या सोफ्याकडे वळल्या. "सुधन्वाभाऊ, देवाचं उपरणं परत द्या."

बळवंतराव धावत आले. "काकूंची तब्येत जरा—"

"माझी तब्येत ठणठणीत आहे, बळवंत. बाजूला हो."

भाऊ हसत उठले. ह्या माणसाला कशाचाच धक्का बसत नसे. "काकू मला आईसारख्या आहेत. रागावायचा हक्क आहे त्यांचा. काकू, उद्या सकाळी चेक पाठवतो. बिल्कुल!"

पुन्हा टाळ्या, पण आता तुरळक.

"पाठवा. उद्या बाकी फिटेल. आज आहे ना? मग आज उपरणं."

"ते... ते गावी आहे, काकू. घरी, देव्हाऱ्यात."

"मग आणायला माणूस पाठवा. आम्ही थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"म्हणजे बाकी आहे तोवर लिलाव नाही. लिलाव नाही तोवर उत्तरपूजा नाही. आणि उत्तरपूजा नाही तोवर विसर्जन नाही. पन्नास वर्षं हेच चाललंय. नरसिंहगुरुजी, खरं की खोटं?"

सगळ्यांच्या नजरा गुरुजींकडे वळल्या. गुरुजी ऐंशीचे, भित्रट, बळवंतरावांच्या गाडीतून ये-जा करणारे. त्यांनी बळवंतरावांकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "खरं आहे. मारुतीरावांच्या वेळी मीच पूजेला होतो."

भाऊंचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा मावळलं. स्त्रियांच्या बाजूने डॉक्टर नीरजाबाई उभ्या राहिल्या आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "द्या की परत. आम्ही तर वेळेवर दिले होते." मग मागून कुणीतरी म्हणालं, "द्या की." मग आणखी कुणी. आरडाओरडा नव्हता. घरातल्या पोराने दुसऱ्याची वस्तू उचलली की जसं सांगतात, तसं लोक बोलत होते, आणि तेच भाऊंना जास्त झोंबलं. चॅनलवाल्यांचे कॅमेरे चालू होते. भाऊ हेरंबच्या कानात काहीतरी बोलले आणि ताडताड गाडीकडे निघाले.

बळवंतरावांना मिरवणुकीची पडली होती. पोलिसांनी दिलेली वेळ, पुण्याचं पथक, वेदांतचे ड्रोन. "मोठी मूर्ती उचला!" ते ओरडले. चौदा फुटी मूर्ती ट्रकवर चढली, डोळ्यांतले लाइट लागले, ढोल कडाडले आणि दणदणाटात मिरवणूक निघाली. निम्मी माणसं त्या ट्रकमागून नाचत गेली. देव मंडपातच होता, आणि हे नाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना घरी पोचल्यावर लक्षात आलं.

इकडे मंडपवाले कनात सोडवायला लागले. मैदान संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं. खरं सांगायचं तर बाईंनी इतका पुढचा विचार केलेलाच नव्हता. संतापाच्या भरात बोलून गेल्या होत्या, आणि आता चौरंगावर देव, समोर गुरुजी, आणि न्यायचं कुठे? त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रोजच्या आरतीची माणसं मावली नसती. उभ्या असलेल्यांत कुजबुज झाली. आमच्याकडे आणा, असं कुणी म्हणेना. भाऊंशी वैर कोण घेणार?

"काकू, आमच्याकडे आणायचा का?" प्रणिता पुढे आली होती. "खोल्या तशाही उद्यापासून रिकाम्याच आहेत."

बाईंनी गुरुजींकडे पाहिलं.

"संकल्प करून हलवता येईल," गुरुजी म्हणाले. आता त्यांचाही आवाज जरा मोकळा झाला होता. "उत्तरपूजा होत नाही तोवर तो पाहुणा आहे. जिथे बसवाल तिथे बसेल."

प्रणिताने देव मांडीवर घेतला आणि ई-रिक्षात बसली. शेजारी बाई. मागच्या रिक्षात मेहजबीन समई, ताम्हन आणि दुर्वांची परडी सांभाळत. कुणी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणालं नाही, कारण देव कुठे जातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी चावी न्यायला आला. बरोबर सामान उचलायला दोन माणसं. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. दिवाणखान्यात, बांधून ठेवलेल्या खोक्यांवर चादर अंथरून देव बसवलेला. समई तेवतेय, अगरबत्तीचा वास, आणि देवाच्या पायाशी एक मुलगी मांडी घालून खाली मान घालून लिहितेय. चौधरीने चप्पल काढली.

"गणपति जी उठे नहीं, माताजी?"

"नहीं उठे, चौधरी साहब. उनका उधार बाकी है."

"भगवान का उधार? किस पर?"

बाईंनी सगळं सांगितलं. अकरा लाखांची बोली, जेसीबीची फुलं, होर्डिंगवरचं उपरणं. चौधरी ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल होत गेला. शेवटी तो आपल्या माणसांकडे वळला आणि म्हणाला, "चलो रे, वापस चलो." मग देवापुढे डोकं टेकवून बाईंना म्हणाला, "जब तक ये बैठे हैं, बच्चियाँ भी बैठी हैं. मेरे घर से आज तक कोई मेहमान उठाया नहीं गया." जाता जाता त्याने दारावरची पितळी पाटी स्वतःच उचकटून काढली, आणि संध्याकाळी लाडवांचं ताट पाठवलं.

पालम गावात ही गोष्ट चौधरीने हुक्क्यावर बसून सांगितली, आणि मग ती द्वारकाभर झाली. सेक्टरासेक्टरांतून माणसं आरतीला यायला लागली. आलेला प्रत्येक जण विचारायचा, अजून विसर्जन कसं नाही? आणि प्रत्येकाला दारातल्या मुली उत्तर द्यायच्या, खासदार सुधन्वाभाऊंची बाकी आहे म्हणून. नीरजाबाई रोज यायच्या. आरतीच्या तबकात जे पडे ते सगळ्यांसमोर मोजून चौधरीच्या हातात जाई. लोक देव पाण्यात ठेवून बसतात. चंद्रप्रभाबाई देव कोरडा ठेवून बसल्या होत्या. बळवंतरावांनी दोनदा निरोप पाठवला की हा मंडळाचा अपमान आहे. बाईंनी उलट निरोप दिला की येताना हिशेब घेऊन या, आरती सातला असते. ते आले नाहीत.

प्रणिताच्या पहिल्या पेपरच्या सकाळी हेरंबचा फोन आला. मऊ आवाज आज जास्तच मऊ.

"काकू, भाऊंची फार बदनामी होतेय. गावाकडच्या पेपरातसुद्धा आलं. विसर्जन करून टाका ना. पैशांचं बघतोच आपण, पुढच्या महिन्यात शुअर."

"पैशांचं राहू दे, हेरंब. उपरणं पाठव. आजच्या आज विसर्जन करते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"हेरंब?"

"काकू, तुम्हाला खरं सांगू? ते उपरणं नाहीये. होर्डिंगचं फोटोशूट झालं, त्यानंतर कुणी उचललं, कुठे गेलं, कुणालाच माहीत नाही. भाऊंना तर आठवतही नाहीये कुठलं उपरणं ते. रोज चार-पाच पडतात ना खांद्यावर."

बाईंना मारुतीरावांची ती इस्त्री केलेली घडी आठवली, आणि त्यांचा संताप असा उफाळून आला की फोन धरलेला हात दुखायला लागला. पैसे बुडवले ते बुडवले. देवाच्या अंगावरचं घेतलं, मिरवलं आणि टाकून दिलं, आणि ते कुठलं हेसुद्धा आठवत नाही!

"मग भाऊंना सांग," त्या म्हणाल्या, "देव बसून आहे."

फोन ठेवून त्या दाराशी आल्या. प्रणिता देवाला नमस्कार करून, पाण्याची बाटली आणि पेनं घेऊन निघाली होती. बाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली.

"काकू, कुणाचा फोन? उपरणं मिळालं?" तिने घाबरून विचारलं. "आज विसर्जन का?"

"नाही गं. तू नीट पेपर लिही," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी येशील तेव्हा आम्ही सगळे इथेच आहोत."

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तशा त्या आत आल्या. त्यांनी खोक्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि मुलींची पुस्तकं पुन्हा कपाटात लावायला घेतली.